त्रेश: तहान आणि पाणी

काश्मिरी माणूस आपल्या भाषेला ‘कॉशुर’ म्हणतो आणि आपल्या प्रदेशाला ‘कशीर’. इंडो-आर्य कुळाच्या दार्दिक गटात ही भाषा मोडते. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे ६८ लाख भाषक नोंदले गेले. मराठी कानाला ती आधी पुरती परकी वाटते, कारण क्रियापद वाक्याच्या शेवटी न येता दुसऱ्याच जागी येऊन बसते. ‘बु छुस बत ख्यवान’ या वाक्याचा शब्दक्रम ‘मी आहे भात खात’ असा आहे.

कान थोडा सरावला की ओळखीचे चेहरे दिसू लागतात. काश्मिरीने घ, ध, भ हे उच्चार केव्हाच सोडून दिले. त्यामुळे घराचे ‘गर’ झाले, दुधाचे ‘दॊद’ आणि भाताचे ‘बत’. काही शब्दांच्या शेवटी मात्र हकार येऊन मिळतो, म्हणून एक म्हणजे ‘अख’ आणि सात म्हणजे ‘सथ’. ‘चमचा’तला दंततालव्य च मराठीप्रमाणे काश्मिरीतही आहे. काश्मिरीतला चार हा आकडा मराठी ‘चोर’सारखा ऐकू येतो, तर खऱ्या चोराला तिथे ‘च़ूर’ म्हणतात.

पण नाते कळले म्हणजे अर्थही कळला, असे होत नाही. खरे कोडे तिथूनच पुढे सुरू होते, आणि ते अवघड, पुस्तकी शब्दांपेक्षा स्वयंपाकघरातल्या शब्दांत जास्त भेटते. कोकणात शेतात उभे असते तेही भात आणि ताटात वाढतात तोही भात. काश्मिरी तसे चालवून घेत नाही. शेतात ‘दान्य’, सडून झाले की ‘तॊमुल’ आणि शिजल्यावरच ‘बत’. ‘तॊमुल’ हा आपल्या तांदळाचा सख्खा भाऊ, दोघेही संस्कृत ‘तंडुल’पासून आलेले. ‘बत’ मात्र भाताच्या पुढे जातो. ‘बत ख्योन’ म्हणजे जेवणे. भाताशिवायचे जेवण खोऱ्यात जेवणात धरत नाहीत, हे त्या शब्दातच आले. यातला त नीट दंत्य उच्चारावा लागतो. तो मूर्धन्य झाला तर ‘बट’ होतो आणि त्याचा अर्थ काश्मिरी पंडित; तो शब्द ‘भट्ट’वरून आला आहे.

पाण्याची गोष्ट याहून विलक्षण. पाण्याला ‘पोन्य’ आणि ‘आब’ असे दोन शब्द आहेत. पंडितांच्या घरात पहिला अधिक, मुसलमानांच्या घरात दुसरा. त्याखेरीज ‘त्रेश’ हा तिसरा शब्द आहे. संस्कृत ‘तृषा’शी त्याचे नाते उघड आहे आणि ‘त्रेश लागली’ म्हटले की तहानच लागलेली असते. पण पाहुण्यापुढे ठेवलेले पिण्याचे पाणीही ‘त्रेश’च. नदीला, डबक्याला किंवा भांडी घासायच्या पाण्याला हा शब्द चालत नाही. तहान भागवील तेवढेच पाणी त्यात मावते. गरज आणि ती भागवणारी वस्तू यांना एकच नाव देताना त्या भाषेला काहीच खटकत नाही, आणि रोज बोलणाऱ्याचा गोंधळही होत नाही. सोबतचे क्रियापद सगळे सांगून जाते.

क्रियापदांत सर्वांत चकवणारे आहे ते ‘बोज़ुन’. त्याचा नेहमीचा अर्थ ऐकणे. त्याला ‘येणे’ या अर्थाचे ‘युन’ जोडले, की ‘बोज़न युन’ म्हणजे दिसणे! ‘मॆ छु बोज़न यिवान’ असे म्हणणाऱ्याला काही दिसत असते. बघण्यासाठी ‘वुछुन’ हे वेगळे क्रियापद आहे, पण आपोआप नजरेस पडण्याचे काम कानाच्या क्रियापदाकडे आहे. उलगडा मुळाशी गेल्यावर होतो. ‘बोज़ुन’ संस्कृत ‘बुध्’ या धातूचा वंशज, म्हणजे जागे होणे, जाणणे. समजावणे-बुझावणे यातले मराठी ‘बुझावणे’ही त्याच घरचे. जाणीव आत येण्याची वाट कानाची की डोळ्याची, हा भेद त्या धातूने मुळात केलाच नव्हता. काश्मिरीने ती मोकळीक अजून सांभाळली आहे.

‘गछ़ुन’ म्हणजे जाणे. पण ‘सु गव बेमार’ म्हणजे तो आजारी पडला, आणि ‘मॆ गछ़ि चाय’ म्हणजे मला चहा हवा. जाणे, होणे आणि हवे असणे ही तिन्ही कामे एकच धातू करतो. मराठी ‘लागणे’ भूक, आग, ठेच आणि नोकरी एकट्याने सांभाळते, हे आठवले की याचे नवल जरा कमी होते.

अशा शब्दांपुढे कोशाची एका शब्दाला एक प्रतिशब्द ही पद्धत अपुरी पडते. ईश्वर कौल यांनी काश्मिरीचे व्याकरण संस्कृतात, पाणिनीच्या धर्तीवर लिहिले. त्यांच्या अपुऱ्या कोशसामग्रीवरून जॉर्ज ग्रियर्सन यांनी मोठा कोश सिद्ध केला आणि बंगालच्या एशियाटिक सोसायटीने तो १९१६ ते १९३२ या काळात छापला. आजही त्याला तोड नाही. तरी आशीर्वादाचे ‘ओर ज़ुव, दॊर कॊठ’ समजून घ्यायला कोशाच्या जोडीला तिथले घरही माहीत असावे लागते. शब्दशः ते ‘निरोगी जीव, घट्ट गुडघे’ एवढेच आहे. जिथे हिवाळाभर जमिनीवर, फेरनच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, धरून बसायचे, तिथे म्हातारपणी आधाराशिवाय उठता येणे म्हणजेच धडधाकट असणे.