भिंतीवरचे कल्याण

नव्या घराची वास्तुशांत झाली, सामानसुमान लागले, आणि दिवाणखान्याची एक मोठी भिंत तेवढी मोकळी राहिली. हैदराबादेतील आमच्या परिचयाच्या घरांतून हल्ली अशा भिंतींवर प्राचीन भग्नावशेषांची भली मोठी छापील चित्रे दिसतात. कोठे रोमचे खांब, कोठे पेट्रा, कोठे हंपीचा दगडी रथ. आम्हां उभयतांसही तसेच काही लावावेसे वाटले. परंतु घरात आत्याबाई आहेत. वय पंच्याऐंशीच्या पुढे, जन्म कल्याणचा. (बसवकल्याण हे नाव पुढचे; आमच्या घरात ते अजून कल्याणच आहे.) त्या म्हणाल्या, "भंगलेली मूर्ती आपण पाण्यात सोडतो, आणि तुम्ही ती पैसे देऊन भिंतीवर टांगणार?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पडक्या वास्तूंची चित्रे घरात लावण्याची हौस मूळची युरोपची. अठराव्या शतकात पिरानेसीने रोमचे अवशेष तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि त्यांचे छाप प्रवासी घरोघर घेऊन गेले. आपल्याकडे थॉमस व विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी तेच केले. वेरूळच्या लेण्यांचा त्यांचा संग्रह १८०३ मध्ये निघाला, तो जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. त्या काळात पुण्याचे गंगाराम तांबटही वेरूळची लेणी रेखाटीत होते, म्हणजे या हौशीला मराठी हातही लागलेला आहे. मात्र विलायतेत ज्यांच्या भिंतींवर ती चित्रे चढली, त्यांचे त्या देवांशी काही नाते नव्हते. आत्याबाईंचे आहे.

तेव्हा लावायचेच तर आपल्याच गावचे काही लावावे, असे ठरवून आम्ही मार्गशीर्षातल्या एका पहाटे सोलापूरच्या रस्त्याला लागलो. जहीराबाद, हुमनाबाद मागे टाकून सस्तापूर बंगल्याच्या फाट्याशी वळलो. निघताना आत्याबाईंनी एवढेच बजावले होते, "आपल्या वाड्याचा फोटो मात्र आणू नका."

कल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराने ती मान्यखेटहून येथे आणली. सहाव्या विक्रमादित्याने १०७६ पासून पन्नास वर्षे येथून राज्य केले. काश्मीरचा बिल्हण याच दरबारी आला, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' येथेच लिहिली. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि शरण येथे जमले. एवढे मनात घेऊन जाणाऱ्याला वाटते, निदान एखादा उभा स्तंभ तरी दिसेल. चालुक्यांचा राजवाडा कोठेही दिसत नाही. किल्ला आहे, भक्कम आहे, पण आज दिसतो तो बराचसा नंतरच्या राजवटींच्या हातचा. बाकी गाव नांदते. बसवेश्वरांच्या दर्शनाला आलेल्या मोटारी, भाजीच्या गाड्या, आणि चहाच्या टपरीवर एकाच वाक्यात कन्नड, मराठी आणि उर्दू. १९५६ साली बीदर जिल्ह्याची वाटणी झाली, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले, कल्याण म्हैसूरकडे राहिले. टपरीवरील बोलीला त्याचा पत्ता नसावा. वाड्याच्या जागी दोन दुकाने उभी आहेत. फोटो काढण्यासारखे तेथे काही उरलेलेच नव्हते.

गृहसजावटीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. चित्रासाठी भिंत कशी घोटावी, म्हशीचे कातडे उकळून वज्रलेप कसा करावा, हे सारे त्यात आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हेही या राजाने त्यातच नोंदविले आहे. कल्याणच्या भिंती गेल्या, त्या रंगविण्याची कृती तेवढी राहिली.

राजधानीत जे उरले नाही, ते भोवतालच्या खेड्यांत उरले आहे. नारायणपूरचे शिवमंदिर गावापासून चार-पाच किलोमीटरवर. परतीच्या वाटेवर हुमनाबादेकडून जलसंगवीला वळलो आणि तेथे आमचा शोध संपला. देवळाच्या बाह्यभिंतीवर मदनिका आहेत. त्यांतली एक शिळेवर अक्षरे कोरीत उभी आहे. मजकूर संस्कृत, विक्रमादित्याच्या स्तुतीचा. उन्हे तिरपी होईपर्यंत आम्ही थांबलो. भर दुपारी असे कोरीव काम सपाट दिसते. कलत्या उन्हात बोटान् बोट उठून येते.

लहान आकाराची एक प्रत आत्याबाईंच्या हाती दिली. भिंग लावून त्यांनी ती बराच वेळ पाहिली. त्या स्वतः घरीच, धूळपाटीवर अक्षरे गिरवून शिकलेल्या. "ही देवी नव्हे. हिची पूजा कोण करणार? ही लिहिते आहे," म्हणाल्या, आणि ती प्रत पोथीत ठेवून दिली. आम्ही हीच संमती समजलो.

मोठे चित्र एका सजावटकाराकडून करून घेतले. चार फुटांचे, चकचकीत. भिंतीवर चढले, पाहुण्यांनी वाखाणले. तिसऱ्या दिवशी आत्याबाई पोथीतली प्रत घेऊन चित्रासमोर उभ्या. "माझी या बाजूला वळली आहे, तुमची त्या." खरेच होते. मूर्तीचे तोंड सोफ्याकडे यावे म्हणून त्या गृहस्थांनी चित्र उजवे-डावे फिरवून छापले होते. शिळेवरचे प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे झाले होते, आणि तीन दिवस ते आमच्या लक्षात आले नव्हते. "नऊशे वर्षे लिहिते आहे ती," आत्याबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तिचं अक्षर उलटं केलंत, बसायच्या सोयीसाठी."

दुसरी प्रत आमच्याच खर्चाने करविली. या वेळी आकार निम्मा, कागद सुती व बिनचकाकीचा, भोवती रुंद पांढरी किनार, आणि काच कागदाला चिकटणार नाही एवढे अंतर. काच चिकटली की पावसाळ्यात डाग धरतात. पश्चिमेची भिंत ओल धरते, म्हणून जागाही बदलली. आता ते आतल्या भिंतीवर, बसल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर आहे. मूर्तीची पाठ सोफ्याकडे येते, ती येऊ दिली.

चौकटीखाली पट्टी लावली: जलसंगवी, तालुका हुमनाबाद, जिल्हा बीदर. आत्याबाईंनी ती वाचून विचारले, "कल्याण कुठे गेलं?" पट्टीवर जागा उरली नव्हती. तरी कडेला बारीक अक्षरांत 'कल्याणजवळ' एवढे बसवून घेतले.