ग्लायडरला आकाशात नेतो कोण? : धावणाऱ्या पायांपासून बॅटरीपर्यंत

१/८ इंजिन नसलेला ग्लायडर तासन्‌तास तरंगतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण मुळात तो वर जातो कसा? या प्रश्नाच्या उत्तरात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात प्रत्येक टप्प्यावर उडणाऱ्याने काही मिळवले, तसे काही गमावलेही. 🧵

२/८ १८९४. बर्लिनजवळ लिख्टरफेल्डे येथे ऑटो लिलिएन्थालने सुमारे १५ मीटर उंचीची शंक्वाकृती टेकडी रचून घेतली. वारा कुठूनही येवो, त्याला सामोरे धावत झेपावता यावे, हा हेतू. बळ स्वतःच्या पायांचे, उंची टेकडीएवढीच. ऑगस्ट १८९६ मध्ये ऱ्हिनोजवळच्या टेकड्यांवरून उडताना तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी निवर्तला.

३/८ पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या विमानबांधणीवर बंधने आली; ग्लायडर त्यांतून सुटला. १९२० पासून वासरकुप्पे या डोंगरावर तरुण जमू लागले. ग्लायडरच्या नाकाला रबरी दोर अडकवायचा आणि दोन तुकड्यांनी तो उताराकडे ताणत न्यायचा. ‘खेचा! धावा! सोडा!’ एकाच्या उड्डाणासाठी अनेकांचा घाम गळे.

४/८ सपाट मैदानासाठी विंच आली. ड्रमवर दोर वेगाने गुंडाळला जातो आणि ग्लायडर पतंगासारखा चढतो. मिनिटभरात तीन-चारशे मीटर. खर्च अल्प. पुण्याच्या हडपसरलाही ही पद्धत परिचयाची. मात्र तेवढ्या उंचीवरून ऊर्ध्ववाही वारा गवसला नाही, तर काही मिनिटांतच पुन्हा धावपट्टी.

५/८ विमानामागे दोराने बांधून गेल्यास हवी ती उंची मिळते, ऊर्ध्ववाही वाऱ्याच्या जागेपर्यंतही पोचता येते. पण त्यासाठी दुसरे विमान, दुसरा वैमानिक, इंधन आणि आवाज, हे सारे ओघाने आलेच.

६/८ १९७३ मध्ये ऑस्ट्रियात हाइनो ब्रडिच्काने एका मोटर-ग्लायडरला विजेची मोटर बसवून काही मिनिटे उड्डाण केले. निकेल-कॅडमियम बॅटऱ्या फार जड होत्या. लिथियमने चित्र पालटले. ‘अंटारेस २०ई’ या जर्मन ग्लायडरची ४२ किलोवॅटची मोटर एकदा चार्ज केल्यावर त्याला सुमारे ३,००० मीटर वर नेऊ शकते.

७/८ पेट्रोल इंजिनाशी तुलना केली, तर खरी कसोटी परतीच्या वाटेवर लागते. खाली येत असताना बाहेर काढलेले इंजिन सुरूच झाले नाही, तर ते वाऱ्याला अडवते आणि उरलीसुरली उंचीही झपाट्याने जाते. विजेची मोटर बटणासरशी फिरते. उलट बाजूस भारी किंमत आहे, बॅटरीचे ओझे उड्डाणभर वाहावे लागते, आणि ती पेट्रोलच्या टाकीसारखी झटपट भरता येत नाही.

८/८ म्हणून नवशिक्याला विंच आजही उत्तम. एकट्याने दूर जाऊ पाहणाऱ्या जाणत्याला विजेची मोटर. पण वासरकुप्पेवर स्वतः उडण्याआधी दुसऱ्यासाठी दोर ओढत धावावे लागे, आणि धावता धावता वारा, उतार, इतरांच्या चुका पाहून शिकणेही होई. बटण दाबून एकटा निघणारा कोणाचाच मिंधा नसतो. त्याची चूक पाहणारेही मग मैदानावर कोणी नसते. क्लबांनी हे शिक्षण कसे टिकवायचे, हा प्रश्न बॅटरीच्या वजनाइतकाच खरा आहे.