हिंजवडी ते लोहगड : सूर्यास्ताआधी

हिंजवडीच्या काचेच्या इमारती जाग्या होण्याआधीच सायकलस्वार निघतो. दांडीला बांधलेल्या पिशव्यांत पांघरूण, पंक्चरचे साहित्य, खाखरे, ठेपले आणि पहाटे उकळून गार केलेले पाणी. हिवाळ्यात अशा पाण्याची मर्यादा चार प्रहरांची. चौविहार असेल तर खाणेपिणेही सूर्यास्तापर्यंतच. म्हणून घड्याळापेक्षा त्याचे लक्ष उन्हाकडे अधिक.

माण, घोटावडे, पौड, मग कोळवणचे खोरे. दुपारी तिकोन्याच्या पायथ्याशी विसावा. पवनेचे पाणी मागे पडले की दुधिवरे खिंडीचा चढ लागतो. सामानाने जड झालेली सायकल मागे ओढते, बाटलीतले पाणी घोटाघोटाने कमी होते आणि सावल्या लांबत जातात. येथे उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. साधू-साध्वींचा तर सारा विहारच पायी.

लोहगडवाडीच्या वर, गडाच्या पूर्व अंगास, कातळात एक लेणे आहे. तेथील ब्राह्मी शिलालेख अरिहंतांच्या वंदनाने सुरू होतो. तो २०१९ मध्ये प्रकाशात आला. तसाच लेख मावळातील पाले येथे १९६९ साली आढळला होता, डॉ. ह. धी. सांकलिया व शोभना गोखले यांनी त्याचा अभ्यास केला. दोन्हींत इंदरखित, म्हणजे इंद्ररक्षित, हे नाव येते. पाल्याला त्याने लेण्यासोबत पाण्याची पोढी, अर्थात टाके, खोदवले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घाटावरचा माल याच डोंगररांगांतून कोकणातील बंदरांकडे उतरत असे.

वाडीत पोहोचताना सूर्य अजून हातभर वर असतो. ठेपले उरकून शेवटचा घोट घेता येतो. लेणे सकाळी, नवकारशीनंतर, कुणाच्या तरी चुलीवर पाणी उकळून घेतल्यावर.