ज्युनिअर कॉलेज, डिप्लोमा आणि एक ग्लोव्ह

दहावीचा निकाल लागला 13 मे 2025 ला. त्याच संध्याकाळी मावसभावानं मला एक रील पाठवलं. अमेरिकेतला एक पोरगा, अंगावर धुळीनं माखलेली जर्सी, खाली मजकूर ‘ज्युनिअर कॉलेज बेसबॉल’. पाठोपाठ मेसेज: ‘दादा, तिकडे पण ज्युनिअर कॉलेजातनं मोठ्या कॉलेजात जातात. मग मी अकरावी घेऊ का डिप्लोमा?’

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय) बेसबॉल खेळतात हे सांगितलं, की ऑफिसातली मंडळी हसतात. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. एखाद्या शाळेच्या पीटीच्या सरांनी मनावर घेतलं, की तिथं संघ उभा राहतो. आमच्या सरांनी घेतलं होतं. फक्कीनं आखलेलं मैदान, दोन बॅटी आणि पाच ग्लोव्ह. मैदानावर लागतात नऊ जण, म्हणून इनिंग बदलली की समोरच्या संघाकडून चार ग्लोव्ह मागून घ्यायचे. मी कॅचर होतो. भावानंही तेच घेतलं. माझाच जुना ग्लोव्ह त्याच्याकडे आहे.

रीलमधलं ज्युनिअर कॉलेज आणि आपलं ज्युनिअर कॉलेज यांचं फक्त नाव सारखं आहे, हे त्याला आधी सांगावं लागलं. आपलं म्हणजे अकरावी-बारावी. तिकडचं बारावीनंतरचं, दोन वर्षांचं, फी कमी. ज्याला चार वर्षांच्या कॉलेजनं लगेच घेतलं नाही, किंवा ज्याला ते परवडत नाही, तो तिथं दोन वर्षं खेळतो, शिकतो आणि मग पुढच्या कॉलेजात बदली घेतो. जॅकी रॉबिन्सन आधी पॅसाडेना ज्युनिअर कॉलेजात होता, मग यूसीएलएत गेला. 1947 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरून त्यानं मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली. अल्बर्ट पुहोल्स मेपल वुड्स नावाच्या कम्युनिटी कॉलेजात एक वर्ष खेळला, 1999 च्या ड्राफ्टमध्ये थेट तेराव्या फेरीत निवडला गेला आणि कारकिर्दीत 703 होमरन मारले. सगळेच असे पुढे जात नाहीत, बहुतेकांचा खेळ तिथंच संपतो. पण रस्ता जोडलेला आहे. पहिली दोन वर्षं पुढच्या दोन वर्षांत मोजली जातात.

आपल्याकडे असा जोडरस्ता आहे, फक्त तो खेळाचा नाही. तो डिप्लोमा आहे. दहावीच्या मार्कांवर प्रवेश, तीन वर्षं, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. त्यासाठी 10 टक्के जागा वेगळ्या असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. मी 2013 मध्ये ह्याच रस्त्यानं निघालो. घरात क्लासच्या फीचे पैसे नव्हते, आणि मध्येच अडलं तरी डिप्लोमावर नोकरी लागेल हा वडिलांचा हिशोब होता. हिशोब बरोबर होता. 2016 मध्ये दुसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. एम-थ्रीनं घाम काढला, कारण पहिल्या वर्षाचं गणित आम्ही केलेलंच नव्हतं. पण 2019 ला डिग्री हातात होती आणि नोकरीही.

बेसबॉल मात्र पहिल्याच वर्षी सुटला. डिप्लोमावाल्यांच्या स्वतःच्या आंतरकॉलेज स्पर्धा असतात, पण आमच्या कॉलेजात नऊ जण जमले नाहीत. पाच जमले. आम्ही व्हॉलीबॉल खेळलो. तीन वर्षांनी डिग्रीला गेलो तेव्हा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल स्पर्धेची नोटीस बोर्डावर दिसली. मी नाव दिलं नाही. गुडघे वाकवून बसायची सवय गेली होती, आणि एम-थ्रीही होतंच.

म्हणून भावाला काय सांगायचं? तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो. विभागीय स्पर्धेपर्यंत गेलाय. अकरावी घेतली तर 19 वर्षांखालच्या शालेय गटात अजून दोन मोसम मिळतील. पण अकरावी म्हणजे कुठली अकरावी, हा खरा प्रश्न. गावातले बरेच जण ‘इंटिग्रेटेड’ घेतात, म्हणजे नाव कॉलेजात आणि पोरगा दिवसभर क्लासमध्ये. अशा कॉलेजच्या संघाचा सराव कधी होणार? आणि खेळाचे ग्रेस मार्क लागतात बारावीच्या निकालात. इंजिनिअरिंगची मेरिट लिस्ट लागते सीईटीच्या पर्सेंटाइलवर, तिथं कॅचरला कोणी विचारत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, ते त्याच्या वडिलांना तोंडपाठ आहे. पण त्यासाठी वरच्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं, नुसता खेळलो म्हणून चालत नाही.

हे सगळं मी त्याला फोनवर तासभर सांगितलं. शेवटी तो म्हणाला, ‘म्हणजे डिप्लोमाच ना?’

मी म्हटलं, नाही. अकरावी घे, इंटिग्रेटेड नको, मैदान असलेलं कॉलेज बघ. दोन वर्षं खेळ. सीईटीत कमी पडलास तर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. म्हणजे फार तर एक वर्ष जाईल. मला त्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी एक वर्ष घालवणं आम्हाला परवडलं नसतं, हेही तितकंच खरं. त्याच्या घरी आज ते परवडतं. आमच्या दोघांत फरक आहे तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. ‘तू स्वतः डिप्लोमा करून एवढा झालास, आणि माझ्या पोराला चेंडू-फळी शिकवतोस?’ मी सीईटीच्या टेस्ट सिरीजचे पैसे भरतो म्हणालो. तिनं फोन ठेवला. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, अर्जात दहापर्यंत कॉलेजं भरता येत होती. त्यानं सात भरली. पहिलं कॉलेज घरापासून एसटीनं पाऊण तासावर. मैदान आहे, संघाचं माहीत नाही. अर्ज लॉक केल्यावर त्यानं ग्लोव्हचा फोटो पाठवला. वेबिंगची वादी तुटली आहे, आणि नगरमध्ये ती कुठं शिवून मिळेल असं विचारतोय.