पाण्याला वाट द्या

शिडाची नौका पावसाळ्यात एकटी सोडायची म्हटली, की मालकाच्या डोळ्यांपुढे वादळ उभे राहते. मग तो नांगराचा दोर जाड करतो, शीड उतरवतो, झरोके लावून घेतो आणि वरून ताडपत्री घट्ट आवळतो. कोकण किनाऱ्यावर वादळाची भीती खोटी नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडात धडकले, तेव्हा मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचलाही नव्हता. पण वादळ एक-दोन दिवसांचे असते आणि पाऊस चार महिन्यांचा. माझे ठाम मत असे, की माणूस नसलेल्या नौकेला खरा धोका आत साठणाऱ्या गोड्या पाण्याचा आणि कोंडलेल्या हवेचा आहे. पाणी पूर्णपणे अडवता येत नाही, म्हणून त्याला बाहेरची वाट ठेवावी.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दहा चौरस मीटर उघड्या डेकवर इतका पाऊस म्हणजे नऊ टनांहून अधिक पाणी. निचऱ्याच्या भोकात चार पाने अडकली, तर त्यातले बरेचसे आत उतरते. आपोआप चालणारा पंप आहे ना, असे कोणी म्हणेल. पण पंप बॅटरीवर चालतो, बॅटरी सौर पॅनेलवर भरते आणि पंपाची सर्वाधिक गरज असते तेव्हाच आभाळ दिवसेंदिवस झाकोळलेले असते. शिवाय खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडाला बुरशी सहजी लागत नाही. गोड्या पाण्याने मात्र लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या बराच वर टिकून राहिला, की ते कुजू लागते. फायबरची नौकाही यातून सुटत नाही. डेकखालचे प्लायवूड, गाद्या आणि वायरींचे सांधे तिच्यातही असतातच.

हवा खेळती राहावी म्हणून झरोके उघडे ठेवले तर पाऊस आत येईल, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर कोकणातल्या मच्छीमारांकडे आहे. किनाऱ्यावर ओढलेली होडी ते नारळाच्या झापांनी शाकारतात. उतारावरून पाणी ओघळते, फटींतून वारा खेळतो. आवळलेल्या ताडपत्रीत यातले काहीच घडत नाही. तीच ताडपत्री आडव्या काठीवरून दोन्ही बाजूंना उतरती बांधावी, टोके मोकळी ठेवावीत, झरोक्यांची तोंडे खाली वळवावीत. जमिनीवरच्या नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उंच ठेवून तळाचे बूच काढावे. ओलावा शोषणारी रसायने काही दिवसांतच भिजून निकामी होतात, त्यांच्यावर चार महिने विसंबू नये.

खोल तळाच्या नौका सगळीकडे ओढता येत नाहीत, हेही खरे. मग दर आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर जाऊन बघणारा, भोके मोकळी करणारा जाणता माणूस नेमावा. त्याची मजुरी हा नौका बाळगण्याच्या खर्चाचाच भाग आहे. ती परवडत नसेल, तर मे संपण्याआधी नौका जमिनीवर घेण्याची सोय करा. तीही नसेल, तर नौका एकटी सोडून जाऊ नका.