शिवडीच्या चिखलातले गुलाबी पाहुणे

हार्बर लाइनवरचे शिवडी स्टेशन आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. पण पूर्वेला उतरून, गोदामे आणि ट्रकांच्या रांगा ओलांडून बंदरापर्यंत कितीजण गेले असतील? तिथे ना बाग आहे ना चौपाटी. ओहोटी लागली की दूरवर काळा चिखल उघडा पडतो, त्याला वास येतो, आणि पलीकडे चेंबूर-माहुलच्या तेल कारखान्यांची धुराडी दिसतात. या चिखलावर 1990 नंतरच्या दशकात हिवाळा सरता सरता हजारो गुलाबी पक्षी उतरू लागले. ते रोहित पक्षी. काहीजण त्यांना अग्निपंख म्हणतात, आणि इंग्रजीतले फ्लेमिंगो हे नाव तर आता मुलांच्याही तोंडी आहे.

येथे त्यांच्या दोन जाती येतात. थोरला रोहित उंच, फिकट गुलाबी, चोचीचे टोक तेवढे काळे. धाकटा रोहित बुटका, रंगाने गडद, चोच काळपट तांबडी. दोघेही मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी आत ओढतात आणि जिभेच्या जोराने बाहेर टाकतात. चोचीच्या कडेला बारीक चाळणी असते, तिच्यात खाणे अडकते. आपल्या घरी पीठ चाळतात तसाच हा प्रकार. थोरला कोळंबीसारखे बारीक जीव आणि किडे खातो, धाकटा मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ. त्यांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिल्लू जन्मते ते करड्या रंगाचे. दोन-तीन वर्षे असे खाणे मिळाल्यावर ते गुलाबी होते.

आता एवढ्या घाण खाडीत हे पक्षी कशासाठी येतात, असे कोणीही विचारील. उत्तर त्या घाणीतच आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचे सांडपाणी वर्षानुवर्षे ठाणे खाडीत येते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद शेवाळाला खत ठरते. शेतात खत टाकले की तणही माजते, तसे खाडीत शेवाळ माजले, आणि धाकट्या रोहिताला पानात वाढून ठेवल्यासारखे झाले.

झाडांचेही तसेच. खाडीकाठी तिवर आहे. खाऱ्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तिवराची मुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर येतात आणि हवा घेतात. शोषलेले जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पान चाटून पाहिले तर खारट लागते. खाडीत गाळ साचत गेला तसतसे तिवर पुढे सरकले आणि नव्या गाळावर उभे राहिले. चांगलेच झाले, कारण तिवर भरतीचा मारा झेलते आणि माशांची पिल्ले त्याच्या मुळांत वाढतात. पण रोहिताला पाय टेकायला मोकळा चिखल लागतो. तिवर वाढले की तो कमी होतो. म्हणजे एकाचे जुळले की दुसऱ्याला जागा कमी पडते.

पक्षी लाखाच्या घरात दिसू लागले तेव्हा अनेकांनी अनुमान काढले की खाडी सुधारली. ते खरे नव्हे. ज्याला शेवाळ हवे त्याला खाडी मानवली, एवढेच. खाडीच्या गाळात शिसे, पारा असे जड धातू अभ्यासकांना सापडलेले आहेत. काठावरच्या कोळी बांधवांना विचारा, ते सांगतील की पूर्वी जाळ्यात येणारी मासळी आता येत नाही. निवटी चिखलात तग धरते, पण सगळ्याच माशांना ते जमत नाही. पाहुण्याचे ताट भरले, घरच्यांचे रिकामे झाले.

माणसांचे काय? माहुलच्या वसाहतीत झोपड्या तुटलेल्या कुटुंबांना नेऊन वसवले. तिथल्या हवेने आजार वाढल्याच्या तक्रारी झाल्या, लोक आंदोलनाला बसले, आणि प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. 2019 साली न्यायालयाने कुटुंबांना तिथे जाण्याची सक्ती करता येणार नाही असे बजावले. एखादा जीव एखाद्या जागी राहतो, यावरून ती जागा त्याला चांगली आहे असे ठरत नाही. कधी कधी दुसरी जागाच उरलेली नसते.

रोहिताच्या सोसण्यालाही हद्द आहे. तो अंडे घालतो कच्छच्या रणात, मातीचे बुटके ढिगारे रचून, बहुधा एकच. पाऊस कमी पडला की रण कोरडे राहते आणि वीण बुडते. पुन्हा तो बहुतेक प्रवास रात्री करतो. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपर पूर्वेला विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. त्याच उन्हाळ्यात नवी मुंबईत नेरूळच्या तलावापाशीही काही पक्षी मेलेले आढळले. भरतीचे पाणी येण्याची वाट बुजल्याची तक्रार तेव्हा पर्यावरण कार्यकर्त्यांनी केली. शिवडीहून निघणारा 21.8 किलोमीटरचा सागरी पूल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. त्याच्या कामापासून शिवडीच्या चिखलावर पूर्वीची दाटी दिसत नाही. भरतीच्या वेळी टेकायला नवी मुंबईची तळी हवीत, आणि ती तळीही बिल्डरांच्या डोळ्यांवर आली आहेत.

सरकारने 2015 साली खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग रोहित अभयारण्य म्हणून जाहीर केला. 2022 साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. परंतु पक्ष्याला नकाशावरची हद्द कळत नाही. तो अभयारण्यात चरतो आणि हद्दीबाहेरच्या तळ्यात विसावतो. ती तळी राखली नाहीत तर अभयारण्याचा उपयोग अर्धाच.

वाचकहो, हे पाहायला पैसा फार लागत नाही. जानेवारी ते मे या काळात एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. ऐरोलीला वनखात्याचे केंद्र आहे, तिथून खाडीत नावा जातात. वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, म्हणून आधी चौकशी करावी. डोक्याला टोपी किंवा रुमाल आणि पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. दगड मारू नये, आरडाओरड करू नये. आणि मुलांनी विचारले की हे पक्षी गुलाबी का, तर शेवाळाची गोष्ट सांगा. ते शेवाळ इतके कशाने वाढले, हेही सांगायला विसरू नका.