आनंदवनातले संसार

वसईकराचा प्रवास म्हणजे विरार लोकल. तिच्यात अपंगांचा वेगळा डबा असतो. रोज भेटून भेटून कुबडीवाल्याची आणि पांढऱ्या काठीवाल्याची तिथे चांगली गट्टी जमते. पण स्टेशन आले की ज्याचा तो आपल्या घरी! ज्याला घरच उरले नाही, त्याने सोबत कुठे शोधावी? ते पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला जावे. दादरहून नागपूरच्या गाडीने वर्धा, आणि तिथून बल्लारपूरच्या मार्गावर वरोरा. रात्र गाडीत अवघडते खरी, पण जावे.

गावाजवळच्या माळावर बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन वसवले. संस्था १९४९ ची. सुरुवातीला सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि हाती चौदा रुपये! बाबा २००८ साली गेले. तिथली शेती, हातमाग, अंधांची नि मूकबधिरांची शाळा यांचे कौतुक पुष्कळांनी लिहिले आहे. आमचे लक्ष मात्र दारांपुढच्या रांगोळ्यांकडे गेले. इथे संसार आहेत!

या संसारांचे मोल कळायला कायदा पाहावा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बरा न होणारा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते वगळायला २०१९ साल उजाडावे लागले! रोग पुरता बरा करणारे बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकातच आले होते. पण रोग गेला तरी घरचे दार उघडत नसे. अशा टाकलेल्या माणसांची लग्ने बाबांनी लावून दिली. पुरुषाने आधी नसबंदी करून घ्यायची, ही त्यांची अट. आम्हांला ती फार कठोर वाटते. कुष्ठरोग काही आनुवंशिक नव्हे. पण ती पत्करूनही माणसे बोहल्यावर उभी राहिली, यावरून सोबतीची भूक केवढी असते ते ओळखावे.

दुपारी एका ओट्यावर एक म्हातारे जोडपे भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. म्हणजे सोलत होता तो. त्याला दिसत नव्हते. तिची बोटे आखडलेली, म्हणून ती नुसती देखरेख करीत होती. एक दाणा किडका निघाला. तिने टाकायला सांगितला, तर पठ्ठ्याने तो तोंडात टाकला! मग जे भांडण जुंपले, त्यात आम्ही उभे आहोत याचीही दोघांना शुद्ध राहिली नाही.